थांबलेल्या गाडीचा पंखा

गणपतीच्या आदल्या दिवशी पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे वळलेल्या माणसाने घड्याळ पाहू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. काही वर्षांपूर्वी तो मी इमानाने पाळला. घड्याळ पाहिले नाही. पण समोरच्या तबकडीवरच्या तापमानाच्या काट्यावरून नजर हलेना. पनवेल सुटेपर्यंत तो शहाण्या मुलासारखा मध्यावर उभा होता. शिरढोणच्या अलीकडे वाहनांची रांग थांबली आणि काटा चुळबुळ करू लागला. रांग जरा जोरात सरकली की काटा खाली, थबकली की वर. तिसऱ्या खेपेला तो तांबड्या पट्ट्यात शिरला आणि बॉनेटच्या फटीतून गरम पाण्याचा गोडसर वास आला. मागच्या सीटवर आई होती, तिच्या मांडीवर केवडा आणि पूजेच्या सामानाची पिशवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या घरी गणपती बसायचा होता आणि पूजेला बसणारा मी होतो.

दुखणे नवे नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मुंबईत एका सिग्नलला ते पहिल्यांदा दिसले होते. एका गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन दिला, भलेमोठे बिल दिले. पुढच्या सिग्नलला काटा पुन्हा वर. मग त्यांनी पाण्याच्या पंपावर संशय घेतला. मी तो संशय गणपतीनंतरवर ढकलला होता.

शिरढोणला रस्त्याच्या कडेला एक मेस्त्री सापडला. पंचविशीतला पोरगा. त्याने बॉनेटला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. गाडी पळताना तापते की उभी असताना? पाणी कमी होते का? आणि सिग्नलला उभे असताना ए.सी. थंड हवा देतो की कोमट? पहिल्याचे उत्तर उघड होते. पाणी फारसे कमी होत नव्हते. तिसऱ्या प्रश्नाने मी गप्प झालो. गेले दोन महिने थांबलेल्या गाडीत ए.सी. कोमट वारा फेकत होता. गॅस संपला असेल असे मी समजत होतो. ही दोन दुखणी एकच असतील असे माझ्या डोक्यात आले नव्हते, आणि गॅरेजवाल्यांनी विचारलेही नव्हते.

मेस्त्रीने रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. झाकण म्हणजे कुकरची शिटी समजा, असे त्याने आईला समजावले. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण उघडले की दाब सुटतो आणि उकळते पाणी थेट तोंडावर येते. पुन्हा कधी असे झाले, तर ए.सी. बंद करून हीटर पूर्ण चालू करा, कारण हीटर हासुद्धा एक छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर ओढून घेतो, हेही त्याने सांगितले. भाद्रपदातल्या उकाड्यात हीटर! पण उपाय खरा आहे. इंजिन निवायला अर्धा-पाऊण तास लागणार होता. आईला चहाच्या टपरीवर बसवून मी गावात गेलो.

शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. कर्नाळ्याचा सुळका येथून जवळच. त्यांचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. गावात वासुदेव बळवंतांचे स्मारक आहे. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्या तारखेपाशी मी थोडा अडखळलो, कारण त्याच सुमाराची दुसरी एक तारीख माझ्या डोक्यात होती. मोटारींच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक त्या दिवसांत उशाशी होते, आणि ज्या माणसाच्या कल्पकतेमुळे उभ्या गाडीचे इंजिन तापत नाही, त्याचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ चा. शिरढोणच्या या मुलापेक्षा तो अवघा तीन महिने आणि पाच दिवसांनी धाकटा. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

मायबाख म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती कोट्यधीशांची लांबलचक गाडी. २०२२ पासून तिचे एक मॉडेल पुण्याजवळ चाकणलाही जुळवले जाऊ लागले. पण ज्याचे हे नाव, तो माणूस अनाथाश्रमात वाढलेला होता.

दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागात हाइलब्रॉन नावाचे गाव आहे. तेथल्या एका सुताराचा हा मुलगा. तो आठ वर्षांचा असताना आई गेली, दहा वर्षांचा असताना वडील. भावंडे उघड्यावर पडली. तेव्हा कोणा हितचिंतकांनी वर्तमानपत्रात या मुलांना आसरा देण्याविषयी आवाहन छापले, आणि विल्हेल्मला रॉयटलिंगेन गावच्या एका आश्रमात जागा मिळाली. गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने तो चालवला होता. वेर्नर नुसती प्रार्थना शिकवणारा नव्हता. अनाथांनी हाताने काम करून पोट भरावे म्हणून त्याने आश्रमाला कारखाने जोडले होते, त्यात यंत्रांचाही एक कारखाना होता. या मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे, हे तेथे ध्यानात आले. त्याला यंत्रांचे नकाशे काढायला बसवले आणि संध्याकाळी गणित व पदार्थविज्ञानाच्या वर्गाला पाठवले. कुठल्याही विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नाही.

१८६० च्या दशकात या कारखान्यावर देखरेखीसाठी एक तरुण इंजिनीअर आला. गॉटलिप डाइमलर. मायबाखहून बारा वर्षांनी मोठा, करारी, महत्त्वाकांक्षी, थोडा तापट. एकोणीस-वीस वर्षांच्या या अबोल पोराला त्याने हेरले, आणि तेव्हापासून डाइमलर मरेपर्यंत पस्तीस वर्षे ही जोडी जवळजवळ फुटली नाही. डाइमलर कार्ल्सरूहला गेला, मायबाखला बोलावून घेतले. डाइमलर १८७२ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस-इंजिनांच्या कारखान्यात गेला, मायबाख मागोमाग. तेथे निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार टप्प्यांनी चालणारे इंजिन सिद्ध केले. आज आपल्या पेट्रोल गाडीत आहे ते इंजिन तत्त्वाने हेच. ते कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल असे करण्याचे जिकिरीचे काम मायबाखच्या वाट्याला आले. कल्पना एकाची, व्यवहार दुसऱ्याचा आणि मेहनत तिसऱ्याची, असा तो प्रकार होता. तिसरा बहुतेक वेळा मायबाख असे.

ते १८७६ साल दख्खनच्या दुष्काळाचे. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणारा शिरढोणचा तरुण गावोगाव भुकेने मरणारी माणसे पाहत होता. १८७९ मध्ये त्याने रामोशांना घेऊन बंड केले, त्याच जुलैत तो पकडला गेला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. त्या वेळी मायबाख कानश्टाट येथे एका बागेतल्या काचघरात कोंडून घेऊन बसला होता. एकाच वर्षीच्या हिवाळ्याच्या आगेमागे जन्मलेले हे दोघे. एकाला सदतीस वर्षे मिळाली, दुसऱ्याला त्र्याऐंशी. यातून काही सिद्ध होत नाही. पण स्मारकासमोर उभा असताना हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

काचघर होते डाइमलरच्या बंगल्यामागचे. ओटोशी बिनसल्यावर १८८२ मध्ये डाइमलर डॉइट्झ सोडून कानश्टाटला आला आणि मायबाख त्याच्याबरोबर. दोघांना इंजिन हवे होते ते लहान, हलके आणि वेगाने फिरणारे. जमिनीत रोवलेले धूड नव्हे, तर चाकांवर बसवता येईल असे. रात्रंदिवस आतून ठोकाठोकीचे आवाज येत. डाइमलरच्या माळ्याला वाटले, मालक खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांत वर्दी दिली! पोलिसांनी झडती घेतली, तेव्हा इंजिनाखेरीज काही सापडले नाही. १८८५ मध्ये ते इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसले, दुसऱ्या वर्षी घोडागाडीवर. घोडा गेला.

घोडा गेला आणि एक जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेतला लहान हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो; उरलेली टाकायची कोठे? कार्ल बेन्झच्या पहिल्या गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळून उडून जाई. १८८८ मध्ये बेन्झची बायको बेर्टा मुलांना घेऊन माहेरी गेली, तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानतात. त्या शंभरेक किलोमीटरांत तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. आपल्याकडे घाटात एस.टी. उभी करून चालक नाक्यावरच्या हौदातून डबा भरून आणी, ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना बेर्टाबाईंची यातायात कळेल. मायबाखने १८८९ च्या गाडीत वेगळीच युक्ती केली. गाडीचा सांगाडाच पोकळ नळ्यांचा केला आणि पाणी त्या नळ्यांतून खेळवले. युक्ती सुंदर होती, पण दीड-दोन अश्वशक्तीपुरती. इंजिन मोठे झाले की सांगाडा पुरेना.

मध्यंतरी माणसांचेच तापमान वाढले. १८९० मध्ये डाइमलरची कंपनी निघाली, भांडवलवाले आले आणि त्यांनी मायबाखला देऊ केलेल्या अटी त्याला पटल्या नाहीत. तो बाहेर पडला. लवकरच डाइमलरही कंपनीत उपरा झाला. कानश्टाटमधल्या एका बंद पडलेल्या हॉटेलात मायबाखने थोडी माणसे घेऊन काम मांडले, पैसा डाइमलरचा. पेट्रोलची बारीक फवार उडवून ते हवेत मिसळणारा कार्बुरेटर येथला. जो कार्बुरेटर आपण स्कूटरमधून काढून फुंकर मारून साफ करीत असू, त्याचा हा पणजोबा. कंपनीला आपली चूक उमगली आणि १८९५ मध्ये दोघे सन्मानाने परत गेले.

आता १९०० साल. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीस येथे एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत, घाईखोर आणि भांडकुदळ गृहस्थ राहत असे. तो डाइमलरच्या गाड्या घेई, बड्या लोकांना विकी आणि कारखान्याला पत्रांतून फैलावर घेई. त्या मार्चमध्ये नीसजवळच्या घाटाच्या शर्यतीत डाइमलरच्या एका उंच, जड गाडीला अपघात होऊन चालक दगावला. त्याच महिन्यात, ६ मार्चला, डाइमलर वारला होता. येलिनेकने हट्ट धरला, की मला नवी गाडी हवी. लांब, बुटकी, हलकी आणि जोरकस. एकदम छत्तीस गाड्यांची मागणी नोंदवली, आणि अट घातली, गाडीला माझ्या मुलीचे नाव द्यायचे. मुलीचे नाव मर्सिडीज.

पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन बुटक्या गाडीत बसवायचे म्हणजे तेवढी उष्णता लहान जागेत कोंडायची. मायबाखने काही वर्षांपूर्वी बारीक नळ्यांचा रेडिएटर करून पाहिला होता. आता त्याने तो पार बदलला. सहा मिलिमीटर बाय सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८०७० आखूड नळ्या एकमेकींना डाक लावून जोडल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि दोन नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी झिरपत उतरायचे. समोरून पाहिले की मधमाशांचे पोळे. पाणी पातळ पापुद्र्यासारखे पसरल्यामुळे झटकन निवे. म्हणून आधीच्या गाडीत अठरा लिटर लागत होते, तेथे नऊ लिटरवर भागले. वजनही वाचले.

हे सारे पळत्या गाडीचे. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीतून घुसतो. चढणीला रखडताना किंवा गर्दीत खोळंबलेल्या गाडीला वारा कोण घालणार? म्हणून रेडिएटरच्या मागे त्याने एक पंखा बसवला, इंजिनाच्याच जोरावर फिरणारा. गाडी हळू असो की उभी, हवा ओढली जात राहिली. या गाडीच्या वर्णनांत पोळ्याला मोठा मान मिळतो, पंख्याला एखादे वाक्य. मला तो पक्षपात वाटतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, तेव्हापासून ज्यांनी या रस्त्यावर गणपतीच्या सुट्ट्या उभ्याउभ्या घालवल्या, त्यांना पंख्याची थोरवी सांगायला नको.

१९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत मर्सिडीज उतरली आणि तिने इतर गाड्यांना धड उभे राहू दिले नाही. एका ३९२ किलोमीटरच्या शर्यतीतही तीच पहिली आली. फ्रेंच लोक मायबाखला रचनाकारांचा राजा म्हणू लागले. घोडागाडीला इंजिन जोडायचे दिवस संपले. आपण आज जिला मोटार म्हणतो तिचा चेहरामोहरा या गाडीपासून सुरू होतो.

राजाचे राज्य मात्र थोडक्यात आटोपले. डाइमलर होता तोवर मायबाखला पाठराखा होता. स्वतःसाठी भांडणे त्याला कधीच जमले नाही. डाइमलरच्या मृत्यूनंतर कारखान्यात नवी माणसे पुढे आली. डाइमलरचा मुलगा पाउल हाही इंजिनीअर होता. मायबाखला हळूहळू बाजूला सारून संशोधनाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत बसवले गेले. पत्ते खेळायला बसलेल्यांनी ज्याचा डाव त्यालाच उठवावे, तसे झाले. १९०७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो कंपनी सोडून गेला. आता याने नातवंडे खेळवावीत असेच कोणालाही वाटले असते. पण काउंट झेपेलिनच्या हवाई जहाजांना भरवशाचे इंजिन मिळत नव्हते. १९०९ मध्ये मायबाखने झेपेलिनच्या साथीने नवा कारखाना काढला आणि तो थोरला मुलगा कार्ल याच्या हाती सोपवला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला लढाऊ विमाने बनवायला बंदी झाली, तेव्हा याच कारखान्याने मोटारी केल्या. चाकणच्या गाडीवरचे नाव आले ते तेथून. १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्र महाविद्यालयाने या न शिकलेल्या इंजिनीअरला सन्माननीय डॉक्टर केले. २९ डिसेंबर १९२९ रोजी तो वारला. कानश्टाटच्या दफनभूमीत डाइमलरपासून जवळच त्याला जागा मिळाली.

त्याच्या दुसऱ्या मुलाची हकिगत काळीज चिरणारी आहे. आडोल्फला मानसिक आजार होता. मनोरुग्ण व अपंग यांना नाझी राजवटीने पद्धतशीर मारले, त्यात १९४० मध्ये आडोल्फही मारला गेला. बाप तेव्हा हयात नव्हता, एवढेच त्यातले बरे म्हणायचे.

मी परतलो तेव्हा इंजिन निवाले होते. मेस्त्रीने प्लास्टिकच्या बाटलीतली पाण्याची पातळी पाहिली; थोडे भरले. मग इंजिन चालू करून आम्ही दोघे नुसते उभे राहिलो. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडून वर सरकला. पंखा हलला नाही. त्याने ए.सी. चालू करायला सांगितले. माझ्यासारख्या गाडीत ए.सी. लावताच रेडिएटरचा पंखा फिरला पाहिजे. तरीही तो ढिम्म. मायबाखचा पंखा इंजिनाच्या जोरावर फिरे. आताच्या गाड्यांत तो विजेवर फिरतो आणि गरज असेल तेव्हाच लागतो. त्यामुळे तो कधी बंद पडला हे मालकाला कळतच नाही. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, तेथे पंख्याची गैरहजेरी लागत नाही. ए.सी.ची जाळीही त्याच वाऱ्यावर निवते, म्हणून उभ्या गाडीत तो कोमट.

गाडी वेगात असताना तापली असती, तर रेडिएटर चोंदला, थर्मोस्टॅट अडकला किंवा पंप दमला असे समजायला हरकत नव्हती. सारखे पाणी घटत असते, तर गळती शोधायची, आणि गळतीही दिसत नसली तर हेड गॅसकेटचा घोर. पंखा फिरूनही उभी गाडी तापली असती, तर ए.सी.ची आणि रेडिएटरची जाळी यांच्या मधल्या सांदीत साचलेली माती-किडे पाहायचे. हे सगळे बोलत बोलत त्याने फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. मग बॅटरीपासून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला टेकवल्या, आणि पंखा असा घोंघावला की टपरीवरून आईने मान वळवली. म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक. मधला दुवा राहिला तो रिले, काडेपेटीएवढी डबी. तिची कळ आतून जळली की हुकूम पंख्यापर्यंत पोहोचत नाही.

नवा रिले त्याच्याकडे नव्हता. सणाची संध्याकाळ, पनवेलला परतायचे म्हणजे तीच रांग उलटी. त्याने फ्यूजच्या खोक्यात पाहिले. हॉर्नचा रिले अगदी तसलाच होता, तेवढ्याच पायांचा. त्याने तो उपटून पंख्याच्या जागी खोचला. काटा चढला, मध्याच्या जरा वर गेला, खटकन आवाज झाला आणि पंखा लागला. दोन मिनिटांत काटा खाली. मजुरी त्याने इतकी थोडी सांगितली की मी लाजून दुप्पट दिली, आणि आईने पिशवीतले दोन नारळ.

कर्नाळ्याच्या वळणांवरून आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता. पेण, वडखळ, नागोठणे, सगळीकडे रांगा. रांगेत प्रत्येक जण कर्णा वाजवीत होता; आमचा वाजत नव्हता. घरी पोहोचलो पहाटे चारला. काटा वाटेत एकदाही हलला नाही.